उद्योग कोण उभारतो आणि कोणाचा टिकतो?

शाळेच्या वसतिगृहात मुलांना भेटावयास येणाऱ्या पालकांनी आम्हांस आजवर सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे : "गुरुजी, याला नोकरी कुठे लागेल?" प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजाच्या किमान दोन पिढ्या शिक्षक, तलाठी, वनरक्षक, लिपिक, पोलीस या नोकऱ्यांच्या बळावर गावकुसाबाहेरून आत आल्या. त्या नोकऱ्यांची निंदा करून उद्योजकतेची थोरवी गाणारी जी भाषणे हल्ली ऐकू येतात, ती आम्हांस मान्य नाहीत. परंतु भरतीच्या जागा मर्यादित आणि अर्ज अमर्याद, ही वस्तुस्थिती आता कोणापासून लपलेली नाही. म्हणूनच अलीकडे माजी विद्यार्थी भेटले की दुसरा प्रश्न कानी येतो : "सर, धंदा टाकावा म्हणतो, चालेल का?" प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आम्ही व्यापारी नव्हे, इतिहासाचे शिक्षक. त्यामुळे उत्तरही इतिहासाच्या वाटेने जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

पहिली गोष्ट अशी की, गरीब देशांत लोक धंदा करीत नाहीत, ही समजूत मुळातच चुकीची आहे. श्रीमंत देशांतील बहुसंख्य कमावते लोक कोणाच्या तरी पगारावर असतात. स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण भारत, बांगलादेश किंवा आफ्रिकेतील देशांतच कितीतरी अधिक आहे. कारण उघड आहे. जेथे बेकारभत्ता नाही आणि कारखाना नाही, तेथे रिकामे बसणे परवडत नाही. एटापल्लीच्या आठवडी बाजारात मोहफुले, चारोळी, चिंच, सुकी मासळी घेऊन बसलेली प्रत्येक बाई या अर्थाने उद्योजकच आहे. माल तिचा, जोखीम तिची, भाव ठरविण्याची कसरतही तिचीच. फक्त 'उद्योजक' हा शब्द तिच्यासाठी कोणी वापरत नाही.

१९९९ पासून अनेक देशांत दरवर्षी होणाऱ्या ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर या पाहणीने धंदा सुरू करणाऱ्यांचे दोन प्रकार पाडले : दुसरा इलाज नाही म्हणून करणारे आणि संधी दिसली म्हणून करणारे. हा भेद उपयुक्त आहे. सुरजागडच्या लोहखनिजामुळे आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली, तेव्हा ज्याने हवा भरण्याचे यंत्र आणून पंक्चरचे दुकान मांडले त्याला संधी दिसली होती. खाण असावी की नसावी, हा वाद मोठा आहे आणि तो येथे मिटणार नाही. रस्त्यावर ट्रक आहेत, एवढे मात्र त्या दुकानदाराने पाहिले. उलट, गावात चार किराणा दुकाने असताना पाचवे टाकणारा तरुण बहुधा पहिल्या प्रकारातला असतो. त्याला काहीतरी करावयाचे असते आणि डोळ्यांसमोर दिसते तेवढेच तो करतो.

परंतु आमच्या मते आपल्या समाजापुरते तिसरे कारण मानले पाहिजे, आणि पाहणीच्या तक्त्यात ते सहसा येत नाही. ते कारण म्हणजे मान. ज्यांच्या पूर्वजांना काम ठरवून दिले गेले आणि मोबदलाही ठरवून दिला गेला, त्यांना स्वतःच्या कामाचा भाव स्वतः सांगता येणे ही निव्वळ आर्थिक बाब राहत नाही.

आता एक जुनी गोष्ट. पाली जातककथांमध्ये चुल्लसेट्ठी नावाची कथा आहे. वाराणसीचा एक श्रेष्ठी राजदरबारी जाताना वाटेत मेलेला उंदीर पाहतो आणि म्हणतो की, बुद्धिमान तरुणाने एवढ्या भांडवलावरही संसार उभा करावा. हे बोलणे कानी पडलेला एक गरीब तरुण तो उंदीर उचलतो आणि एका मद्यविक्रेत्याला मांजरासाठी विकून एक लहानसे नाणे मिळवितो. त्याचा गूळ घेतो. एका मडक्यात पाणी भरतो आणि रानातून फुले घेऊन परतणाऱ्या माळ्यांना गुळाचा खडा व ओगराळेभर पाणी देतो. ते त्याला मूठमूठ फुले देतात. पुढे वादळात राजाच्या बागेत पडलेल्या फांद्या तो मुलांना गूळ देऊन गोळा करून घेतो आणि कुंभाराला विकतो. पाचशे गवतकाप्यांना पाणी पाजतो. घोड्यांचा व्यापारी येणार असल्याची बातमी त्याला आधी लागते, तेव्हा त्या गवतकाप्यांकडून एकेक पेंढी मागून घेतो आणि चढ्या भावाने विकतो. अखेरीस बंदरात आलेले जहाज स्वतःची मुद्रिका विसार म्हणून ठेवून राखून घेतो आणि मोठा धनवान होतो.

उद्योगशास्त्राच्या जाड ग्रंथांत जे सांगितले जाते ते बहुतेक या एका कथेत आहे. अल्प भांडवल, ते खाऊन न टाकता पुन्हा गुंतविणे, इतरांच्या अडचणीचे निरीक्षण, बातमी वेळेवर मिळणे, ओळखी जोडणे आणि शेवटी पत. कारण जहाज रोख पैशावर घेतलेले नाही, विश्वासावर घेतलेले आहे. वर्गात ही कथा सांगताना आम्ही एका जागी मुद्दाम थांबतो. हा तरुण गरीब होता, पण कथेप्रमाणे तो कुलीन घरातला होता. त्याच्या हातचे पाणी माळी प्याले, गवतकापेही प्याले. तेच मडके घेऊन आमचे आजोबा रस्त्यावर उभे राहिले असते, तर त्यांच्या हातचे पाणी कोण प्याले असते? ज्या भांडवलाला काहीच किंमत पडत नाही तेही आम्हांस वापरता येत नव्हते.

ही केवळ कल्पना नव्हे. परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब १९१७ मध्ये भारतात परतले. बडोद्याच्या नोकरीत राहावयास जागा मिळाली नाही म्हणून ते मुंबईस आले. तेथे चरितार्थासाठी त्यांनी जे उद्योग करून पाहिले त्यांत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढीही होती. सुरुवातीला ग्राहक आले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच त्यांनी येणे थांबविले आणि पेढी बंद पडली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या काळी मुंबईत त्यांच्या तोलाचा सल्लागार किती पेढ्यांना मिळाला असता? ज्ञान होते, गरज होती, ग्राहकही होते. सौदा फक्त एका माहितीने मोडला. बाजार जात पाहत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना बाबासाहेबांनी खरा उपाय औद्योगिकीकरणात सांगितला, हेही येथे नोंदवावेसे वाटते. जमिनीवरचा माणसांचा अतिरिक्त भार उद्योगात वळविल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. धंद्याने स्वतःला दगा दिला म्हणून त्यांनी उद्योगाकडे पाठ फिरविली नाही.

आपल्या विदर्भाची एक आठवणही अनेकांना नसते. येथील महार समाजातील कितीतरी कुटुंबे जाडेभरडे कापड विणून बाजारात विकत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेले. विणकर गिरणीत मजूर झाले. मजुरी रोखीची होती, शहर होते, संघटना झाली, चळवळीला बळ मिळाले. हे सारे खरे. परंतु माल घेऊन बाजारात उभे राहण्याची, घासाघीस करण्याची, हिशेब ठेवण्याची जी सवय घरात होती ती एका पिढीत गेली.

ही सवय कोठे शिकविली जाते? व्यापारी घरातील मुलगा दहाव्या वर्षी दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसतो. कोणाला उधार द्यावे, कोणाला देऊ नये, मालाचा हंगाम कोणता, तोटा आला तर कोणत्या मामाकडे जावे, हे तो पाढ्यांबरोबर शिकतो. आपल्या मुलाला हे सारे पंचविसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने आणि बहुधा कर्जाच्या पैशाने शिकावे लागते. बुद्धीचा फरक येथे नाही. शिकवणी कोणी आणि कोणत्या वयात दिली, एवढाच फरक आहे.

ही शिकवणी घराबाहेरही मिळू शकते, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे आहे. तेथील देश गारमेंट्स या कंपनीने कोरियातील देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये आपले सुमारे १३० कर्मचारी कापड शिवण्याच्या व कारखाना चालविण्याच्या शिक्षणासाठी काही महिने कोरियास पाठविले. परत आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांपैकी बहुतेकांनी ती कंपनी सोडली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात गेला. त्या एका तुकडीतून बांगलादेशाचा तयार कपड्यांचा निर्यात-उद्योग फोफावला. या माणसांना देशात परतताना भांडवल मिळाले नव्हते. काम आतून कसे चालते, याचे ज्ञान तेवढे मिळाले होते. म्हणून धंदा टाकू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमचा पहिला सल्ला असतो की, आधी दोन वर्षे त्याच धंद्यात दुसऱ्याकडे काम करा. नागपूरच्या गॅरेजात करा, चंद्रपूरच्या छापखान्यात करा. पगार कमी मिळाला तरी चालेल. माल कोठून येतो आणि किती दिवसांच्या उधारीवर येतो, हे पाहून घ्या.

आता आपल्या रानाकडे वळू. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांची खरी संपत्ती जंगल आहे, आणि येथील सर्वांत मोठा व्यापारही जंगलाचाच आहे. मे महिन्यात तेंदूचा हंगाम येतो. पहाटे पाने तोडावयाची, दुपारी घरातल्या सर्वांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, सायंकाळी फळीवर नेऊन द्यावयाचे. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. वर्षातून एवढेच काही दिवस घरात रोख रक्कम येते. पान येथे तुटते, बिडी दुसरीकडे वळली जाते आणि नफा तिसरीकडे साठतो. वडीलधारी माणसे सांगतात की, एके काळी चारोळी मिठाच्या बदल्यात दिली जाई, मापाला माप. मीठ रानात मिळत नाही आणि चारोळीचा शहरातला भाव रानात कळत नाही. भाव कळणे हेच त्या व्यापाऱ्याचे खरे भांडवल होते.

या साखळीचे दुसरे टोक कामठीत होते. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४-१९३९) यांनी बिडी-मजुरांची संघटना बांधली, हे अनेकांस ठाऊक आहे. ठेकेदाराच्या कचाट्यातून मजुरांना सोडविण्यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर बिडी-काम सुरू केले होते, याचा उल्लेख मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच होतो. अवघ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यात या माणसाने ओळखले की, मजुरी वाढवून मागणे हा एक मार्ग आहे आणि धंदाच आपल्या हाती घेणे हा दुसरा.

तो दुसरा मार्ग आपल्या जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने चालून दाखविला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वन विभागाच्या हाती होते आणि बांबू गवत की झाड, यावर कागदोपत्री काथ्याकूट चालू होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करावयास घेतला. सारे सुरळीत झाले असे नाही. एखाद्या वर्षी भाव चढतो, पुढच्या वर्षी कोसळतो. ठेकेदाराकडे रक्कम थकल्याचे प्रसंगही जिल्ह्याने पाहिले. पण थकबाकी मागण्यासाठी ग्रामसभेच्या हाती करार असतो. पूर्वी तोही नव्हता.

मेंढ्याच्या अनुभवातून आम्हांस जे दिसते ते असे. विकसनशील देशांतील गरिबांजवळ मालमत्ता असते, पण तिचा कागद नसतो. म्हणून ती भांडवल होऊ शकत नाही, असे पेरू देशातील अर्थतज्ज्ञ हर्नांदो द सोतो यांनी मांडले. मांडणी महत्त्वाची आहे, पण आपल्या जिल्ह्यास ती जशीच्या तशी लागू पडत नाही. द सोतो यांचा भर एकेका माणसाच्या नावावरील कागदावर आहे. येथे कागद गावाच्या नावे झाला आणि तरीही व्यापार उभा राहिला. एकेकाच्या नावे झाला असता, तर तो गहाण पडण्यास किती पावसाळे लागले असते, याचा विचार करावा.

कच्चा माल विकण्यापलीकडे काय? १४ एप्रिल २०१८ रोजी आपल्या सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधील बिजापूर येथे वनधन योजनेचा आरंभ झाला. रानातील मालावर रानाजवळच प्रक्रिया करावी, ही तिची कल्पना आहे. महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर असलेले निर्बंधही २०२१ मध्ये उठविण्यात आले. मोहाचे लाडू, मनुके, बियांचे तेल, फोडलेली व निवडलेली चारोळी, बांबूच्या वस्तू यांना बाजार आहे. अडचण अशी की, पावसाळ्यात नाले भरले की येथील कित्येक गावांचा संपर्क तुटतो आणि वीज गेली की यंत्र थांबते. शहरातील ग्राहकास दर महिन्याला तोच माल, त्याच दर्जाचा हवा असतो. नाल्याला पूर आला होता हे तो ऐकून घेत नाही. म्हणून पूल आणि वीजवाहिनी यांची मागणी ही उद्योगाचीच मागणी आहे.

कर्जाविषयी फार बोलले जाते, म्हणून आम्ही थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये बांगलादेशातील जोबरा गावी मुहम्मद युनूस यांनी गरीब स्त्रियांना लहान कर्जे देण्याचा प्रयोग केला, १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये युनूस व बँक यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. गरीब कर्ज फेडतात, हे या प्रयोगाने सिद्ध केले. लहान कर्जातून मोठा उद्योग उभा राहतोच, हे मात्र सिद्ध झालेले नाही. बहुधा शेळी येते, शिवणयंत्र येते आणि घर तगते. गावोगावच्या खाजगी वित्त कंपन्यांचे साप्ताहिक हप्ते भरण्यासाठी दुसरे कर्ज घेणाऱ्या भगिनी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पहिला माल विकून पैसा हाती येण्यास किती आठवडे लागतील, हे मोजल्यावाचून हप्ता ठरवू नये.

मोठ्या कर्जासाठी वेगळ्या वाटा आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकास १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरविले. अकोला जिल्ह्यातील रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांची कहाणी या संदर्भात नेहमी सांगितली जाते. बालविवाह, मुंबईतील होजिअरी कारखान्यातील मजुरी, मग शासकीय योजनेतून पन्नास हजारांचे कर्ज घेऊन फर्निचरचे दुकान, आणि पुढे कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्सचा कारभार. २०१३ मध्ये पद्मश्री. या कहाणीत कर्जाआधी मजुरीची वर्षे आहेत. ती वर्षे वगळून कहाणी सांगितली की तरुणांना वाटते, कर्ज मंजूर झाले म्हणजे धंदा झाला.

कर्जाहून अवघड गोष्ट म्हणजे पहिला ग्राहक, आणि बाबासाहेबांची पेढी नेमकी तेथेच अडली होती. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केले ते या भिंतीला दार पाडण्यासाठी. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद झाली. नोकरीतील आरक्षणाचे आकडे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. या ४ टक्क्यांविषयी दहावीच्या वर्गात विचारले तर एकही हात वर होत नाही. शाळांना बाके लागतात, आश्रमशाळांना गणवेश लागतात, रुग्णालयांना चादरी लागतात. हा माल कोणीतरी पुरवितोच.

आणि जी दुकाने उघडून वर्षभरात बंद पडतात ती कशाने? आमच्या पाहण्यात बहुतेक उधारीने. गावात दुकानदार हा आधी भाचा, जावई, वर्गमित्र असतो आणि मग दुकानदार. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. दुसरीकडे गल्ल्यातून घरखर्च उचलला जातो आणि त्याची नोंद होत नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखावा, असे सांगितले आहे. अर्धी मिळकत पुन्हा धंद्यात! आज इतके कोणाला जमणार, असे पालक म्हणतील. निदान दुकानाची वही आणि घराची वही वेगळी ठेवावी, एवढे तर जमावे.

जाता जाता कागदपत्रांविषयी. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे निःशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्यास देऊ नयेत. तारण नसले तरी २००० मध्ये स्थापन झालेल्या पत हमी निधीच्या आधारे बँक कर्ज देऊ शकते, म्हणून शाखेत गेल्यावर त्या हमीविषयी नावानिशी विचारावे आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. जातीचा दाखला घरातल्या ट्रंकेत जीर्ण होण्याआधी त्याच्या प्रती करून ठेवाव्यात. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेल्या माजी विद्यार्थ्यांनी अर्ज घेऊन शाळेच्या कार्यालयात यावे. जुनी प्रवेश नोंदवही सुस्थितीत आहे.